सत्यनिष्ठ विद्वान रॉबर्ट बॉइल

रिकामी घागर पालथी धरून विहिरीच्या पाण्यांत दाबली असतां काय होतें, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं पाहिलें असेल. घागर सहजासहजीं खालीं जात नाहीं, हाताला उलट वर लोटते. जोर करून ती बुडविली तरी पाण्यानें भरत नाहीं, कारण आंत कोंडलेली हवा आपली जागा सोडावयास तयार नसते. परंतु बारकाईनें पाहिल्यास असेंही दिसेल कीं, घागर जसजशी खोल न्यावी तसतसें थोडथोडें पाणी तिच्यांत चढतें. म्हणजे आंतील हवा आंखडत जाते. सुमारें ३३ फूट खोलीपर्यंत ती नेतां आली, तर हवा निम्म्या जागेंत मावलेली आढळेल. ह्याचें कारण असें: आपल्या डोक्यावरील सर्व हवेचा जेवढा भार पाण्याच्या पृष्ठभागावर पडतो, तेवढाच भार सुमारें ३३ फूट उंचीच्या पाण्याचा होतो. म्हणून त्या खोलीवर दाब दुप्पट होतो, आणि दाब दुप्पट झाला कीं हवेची जागा निम्मी होते. दाब चौपट झाल्यास जागा पावपट होते. उष्णमान मात्र बदलतां कामा नये.

ह्या साध्या नियमास शाळेच्या पुस्तकांत बॉइलचा नियम म्हणतात. तो १६६२ सालीं छापून प्रसिद्ध झाला. आज आम्ही ह्या नियमाचा व तो प्रसिद्ध करणाऱ्या मनुष्याचा वृत्तान्त वाचकांपुढें ठेवीत आहों. हीं दोन्ही निराळीं सांगतां येण्यासारखीं नाहींत. कारण हा नियम जसा रॉबर्ट बॉइल ह्यांच्या बुद्धीचें, तसाच त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीचेंही फळ होता, असें आम्हांस वाटतें.

बाळपण

रॉबर्ट बॉइल ह्यांचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजीं आयर्लंड देशांतील लिझमोर येथील किल्ल्यांत झाला. त्यांचे वडील रिचर्ड बॉइल हे कॉर्कचे पहिले अर्ल होत. हे गृहस्थ १५८८ सालीं इंग्लंडांतून थोड्याशा पैशांनिशीं आयर्लंडांत आले आणि पुढें त्या देशांतील अत्यंत श्रीमंत जमीनदार बनले. इंग्रजी सत्तेनें आयरिश लोकांपासून हिरावलेल्या जमिनींवर त्यांचें वैभव उभें होतें, आणि त्या मिळविण्याचे त्यांचे सगळेच मार्ग स्वच्छ नव्हते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

ह्या घराण्यांतील पंधरा मुलांत रॉबर्ट चौदावा. लाडानें मुलें नाजूक होतात असें वडिलांचें मत असल्यामुळें त्यांनीं तान्ह्या रॉबर्टास खेड्यांतील एका दाईकडे वाढविण्यास दिलें. तो तीन वर्षांचा होता तेव्हां आई वारली. पुढें आपणास तिचा चेहराही आठवत नाहीं, ह्याचें दुःख त्यास जन्मभर वाटलें. बरोबरीच्या कांहीं तोतऱ्या मुलांची नक्कल करतां करतां त्यास स्वतःस अडखळत बोलण्याची खोड जडली, व ती कधींच पूर्णपणें गेली नाहीं.

ह्या बाळपणांतली एक लहानशी गोष्ट त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. बागेंतील एका झाडाचीं फळें भावजयीसाठीं राखून ठेविलीं होतीं. रॉबर्टानें तीं खाल्लीं. वडील बहीण कॅथरीन हिनें त्यास गांठून, तूं पांचसहा फळें खाल्लींस ना, असें दरडावून विचारलें. मुलानें चोरी नाकबूल केली नाहीं. उलट बहिणीचा आंकडा चुकला आहे, आपण त्याहून अधिक खाल्लीं आहेत, असें तिला सरळपणें सांगितलें. वडील म्हणत असत कीं, ह्या मुलास आपण खोटें बोलतांना कधींच पकडलें नाहीं. आमच्या वाचकांनीं हीं फळें विसरूं नयेत. जो मुलगा आपल्या चोरीचाही आंकडा बरोबर सांगतो, तो मोठेपणीं पाऱ्याची उंची कशी सांगेल, हें आपण लवकरच पाहणार आहों.

आठव्या वर्षीं, १६३५ सालीं, त्यास व त्याचा भाऊ फ्रान्सिस ह्यास इंग्लंडांतील ईटनच्या शाळेंत धाडण्यांत आलें. तेथें त्यास हिंवताप जडला. करमणुकीसाठीं दिलेल्या अद्भुत कथा वाचून त्याचें मन इतकें भटकूं लागलें कीं, तें ताळ्यावर आणण्यासाठीं तो तोंडीं वर्गमूळें व घनमूळें काढीत बसे. मनास लगाम घालण्याचा हा उपाय त्यानें पुढेंही सोडला नाहीं.

वादळ आणि संशय

१६३९ सालीं दोघे भाऊ एका फ्रेंच शिक्षकाबरोबर युरोपच्या प्रवासास निघाले व जिनीव्हा शहरीं राहूं लागले. तेथें एका रात्रीं भयंकर वादळ झालें. विजा एकामागून एक कोसळूं लागल्या, आणि जागा झालेल्या त्या पोरास वाटलें कीं न्यायाचा दिवस उजाडला. आपली तयारी नाहीं, हें जाणून त्यानें देवास वचन दिलें कीं, ही रात्र पार पडली तर आपण आयुष्य नीट घालवूं. सकाळ झाली, आकाश निवळलें. तेव्हां त्यानें तेंच वचन पुन्हां दिलें. कारण भीतीनें दिलेलें वचन पुरेसें नाहीं, तें निर्भय मनानेंही दिलें पाहिजे, असें त्यास वाटलें.

परंतु येथेंच सर्व कांहीं सुरळीत झालें असें नाहीं. ग्रनोब्ल शहराजवळच्या डोंगरांत संन्याशांचा एक प्रसिद्ध मठ आहे. तो पाहावयास गेले असतां, त्या उजाड एकांतांत रॉबर्टाच्या मनांत ख्रिस्ती धर्माच्या मूळ तत्त्वांविषयींच भयंकर संशय उठले. कित्येक महिने ते त्यास छळीत राहिले. आत्महत्येचाही विचार येई, आणि ती पापकर्म आहे एवढ्याच जाणिवेनें तो थांबे. पुढें शांति मिळाली, तरी संशयांनीं त्यांस कधींच कायमचें सोडलें नाहीं. त्यांनीं मात्र संशयांना दडपून टाकिलें नाहीं कीं त्यांपुढें शरणही गेले नाहींत. ज्या गोष्टीविषयीं संशय येतो तिची कसोशीनें चौकशी करावी, हा त्यांचा मार्ग होता. त्यासाठींच ते पुढें हिब्रू, ग्रीक, खाल्डी व सिरियाक ह्या भाषा शिकले. आमच्या मंडळ्यांतील कित्येक तरुण मनांतला संशय सांगावयास लाजतात. त्यांनीं हें जाणावें कीं, ज्यांच्या भक्तीची कीर्ति सर्वत्र झाली त्या पुरुषासही हें ओझें वाहावें लागलें.

१६४१ सालच्या हिंवाळ्यांत भाऊ इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं होते. त्या शहराजवळच ८ जानेवारी १६४२ रोजीं वृद्ध व आंधळे झालेले गॅलिलिओ वारले. त्यांचे ग्रंथ ह्याच मुक्कामांत रॉबर्टानें वाचले. इकडे आयर्लंडांत १६४१ सालीं बंड उसळलें. वडिलांची मिळकत संकटांत आली, मुलांकडे येणारा पैसा बंद पडला, आणि १६४३ सालीं वडीलही वारले. १६४४ सालीं रॉबर्ट इंग्लंडांत परतला तेव्हां तो सतरा वर्षांचा, पोरका आणि जवळजवळ रिकाम्या हाताचा होता. लंडनमध्यें बहीण कॅथरीन, म्हणजे लेडी रॅनेला, हिचें घर त्यास सांपडलें. ह्या विदुषी बाईचा आधार त्यांस शेवटपर्यंत लाभला.

वडिलांनीं ठेविलेल्या डॉर्सेट परगण्यांतील स्टॉलब्रिज येथील वाड्यांत त्यांनीं प्रयोगशाळा मांडण्याचें ठरविलें. मोठ्या उत्कंठेनें मागविलेली मातीची भट्टी वाटेंत फुटून तुकडे तुकडे होऊन पोंचली. पण धीर न सोडतां त्यांनीं दुसरी व्यवस्था केली, व रसायनविद्येचा अभ्यास सुरू झाला.

हवा ओढून काढणारें यंत्र

सुमारें १६५५ सालीं ते ऑक्सफर्ड येथें राहावयास गेले. १६५७ सालीं त्यांच्या वाचण्यांत आलें कीं, जर्मनींतील माग्डेबुर्ग शहराचे ऑटो फोन गेरिके नांवाच्या गृहस्थांनीं भांड्यांतील हवा ओढून काढण्याचें यंत्र बनविलें आहे. तें यंत्र पाण्याखालीं ठेवून दोन माणसांनीं चालवावें लागे, आणि भांड्यांत प्रयोगाची वस्तु ठेवण्याची सोय नव्हती. बॉइल ह्यांनीं आपला तरुण मदतनीस रॉबर्ट हूक ह्याच्याकडून १६५९ पर्यंत निराळें यंत्र तयार करविलें. त्याच्या वरच्या भागीं कांचेचा मोठा फुगा होता. फुग्याचें तोंड उघडून आंत वाटेल ती वस्तु ठेवावी, मग खालच्या नळकांड्यांतील दट्ट्या वारंवार ओढून हवा काढावी, आणि कांचेंतून काय घडतें तें पाहावें.

आंत ठेवलेली जळती मेणबत्ती हवा काढतांच विझे. घड्याळाची टिकटिक मंद मंद होत जाई. कोंकराचा मूत्राशय अर्धवट हवा भरून, तोंड घट्ट बांधून आंत ठेविला, तर बाहेरची हवा कमी होतांच तो आपोआप फुगे. ह्या शेवटच्या प्रयोगांत फार मोठा अर्थ होता. मूत्राशयांत कोणी नवी हवा घातली नव्हती. जी होती तीच पसरली, कारण तिला बाहेरून दाबून धरणारी हवा निघून गेली होती. बॉइल ह्यांनीं हवेस लोंकरीच्या गठ्ठ्याची उपमा दिली आहे. आमच्या खानदेश-वऱ्हाडाकडील वाचकांनीं पिंजलेला कापूस मनांत आणावा: मुठींत धरला कीं तो आंखडतो, मूठ सोडली कीं पुन्हां फुलतो. हवेच्या ठायीं असलेल्या ह्या फुलण्याच्या जोरास त्यांनीं हवेची स्प्रिंग म्हटलें, आणि १६६० सालीं ४३ प्रयोगांचा वृत्तान्त देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ह्या प्रयोगांत पक्षी व उंदीरही मेले, हें सांगितलें पाहिजे. एकदां प्रयोग पाहावयास आलेल्या बायांना गुदमरणाऱ्या पक्ष्याची दया आली, तेव्हां घाईनें हवा आंत सोडून त्यास वांचविण्यांत आलें. श्वासाला हवा लागते हें ज्ञान अशा किंमतीनें मिळालें आहे. तें फुकट मिळालें असें कोणी समजूं नये.

जिन्यावरील नळी

ग्रंथ निघतांच त्यावर टीका झाली. फ्रान्सिस लायनस नांवाच्या जेझुइट विद्वानानें असें प्रतिपादिलें कीं, हवेस वजन व स्प्रिंग आहे हें खरें, परंतु वायुभारमापकाच्या नळींत सुमारें २९ इंच पारा उचलून धरण्याएवढें तिचें सामर्थ्य नाहीं. नळीच्या माथ्यापासून एक अदृश्य दोरी पाऱ्याला वर ओढून धरीत असावी, असें त्याचें म्हणणें होतें.

बॉइल ह्यांनीं ह्या गृहस्थाची निंदा केली नाहीं. हवेचें सामर्थ्य किती, हा प्रश्न असेल तर तें मोजूनच पाहावें, असें त्यांनीं ठरविलें. त्यांनीं कांचेची एक लांब नळी खालीं वांकवून घेतली. तिची आंखूड बाजू वरून बंद होती व लांब बाजू उघडी होती. दोन्ही बाजूंस इंच व इंचाचे भाग दाखविणाऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या. एक नळी कामाच्या मध्यावर फुटली. दुसरी इतकी उंच होती कीं ती खोलींत मावेना. म्हणून ती जिन्यांत उभी केली, आणि पुन्हां फुटल्यास पारा वांचावा म्हणून खालचा भाग लाकडी पेटींत ठेविला. एकानें जिन्याच्या वरच्या पायरीवरून बेताबेतानें पारा ओतावा, आणि खालीं बसलेल्यानें बंद बाजूंतील हवा किती आंखडली तें पाहून त्यास थांबवावें, अशा रीतीनें काम चाललें.

आरंभीं बंद बाजूंत १२ इंच हवा होती. तिच्यावर बाहेरच्या हवेचा दाब होता, तो २९ पूर्णांक १/८ इंच पाऱ्याच्या भाराएवढा. पारा ओतीत ओतीत हवा ६ इंच, म्हणजे निम्मी झाली, तेव्हां एकंदर दाब भरला ५८ पूर्णांक १३/१६ इंच. पुढें हवा ३ इंच, म्हणजे पावपट उरली, तेव्हां दाब झाला ११७ पूर्णांक ९/१६ इंच. ज्या हवेला २९ इंच पारा पेलवणार नाहीं असें म्हटलें जात होतें, तिनें त्याच्या चौपट भार उचलून धरला. अदृश्य दोरीची आतां गरजच उरली नाहीं. उलट बाजूनें दाब कमी करूनही त्यांनीं मोजणी केली व हवा ३२ पट जागेंत पसरेपर्यंत हाच हिशेब पाहिला.

अपूर्णांकांचा प्रामाणिकपणा

आतां वाचकांनीं वरील आंकडे पुन्हां पाहावे. नियमाप्रमाणें निम्म्या जागेस दाब ५८ पूर्णांक १/४ इंच यावयास पाहिजे होता. आला ५८ पूर्णांक १३/१६. पावपट जागेस ११६ पूर्णांक १/२ यावयास पाहिजे होता. आला ११७ पूर्णांक ९/१६. म्हणजे एके ठिकाणीं अर्ध्या इंचाहून थोडा, तर दुसऱ्या ठिकाणीं एका इंचाहून थोडा अधिक फरक पडला. एवढा आंकडा इकडचा तिकडे केला असता, तर कोणास कळणार होतें? कोष्टक कसें सुबक दिसलें असतें! परंतु बॉइल ह्यांनीं एका रकान्यांत जें दिसलें तें छापिलें, व शेजारच्या रकान्यांत जें यावयास हवें होतें तें छापिलें. दोहोंतील फरक प्रत्येक वाचकास उघड दिसूं दिला. बाजारांत खोटें माप ठेवणें हें देवास ओंगळ वाटतें, असें आपण शिकतों. प्रयोगाच्या वहींतही माप खरें ठेवावें लागतें, हें त्यांनीं शिकविलें.

एवढ्यावरच ते थांबले नाहींत. दाब व जागा ह्यांच्या ह्या प्रमाणाची कल्पना लँकशर परगण्यांतील रिचर्ड टाउनली नांवाच्या गृहस्थांनीं आधीं सुचविली होती. ते व त्यांचे मित्र डॉक्टर हेन्री पॉवर ह्यांनीं १६६१ सालीं आपले प्रयोग केले होते. बॉइल ह्यांनीं टाउनली ह्यांचें नांव घेऊन त्यांचें श्रेय त्यांस दिलें. ह्या नियमास त्यांनीं आपलें नांव दिलें नाहीं. तें मागाहून इतरांनीं दिलें. शिवाय हा नियम सर्व ठिकाणीं व सर्व अवस्थांत लागू पडेलच असेंही त्यांनीं म्हटलें नाहीं. जेवढें मोजलें तेवढेंच सांगितलें.

उष्णतेचाही त्यांस विसर पडला नव्हता. आंखडलेल्या हवेच्या नळीस त्यांनीं ओलें फडकें लावून पाहिलें, मेणबत्तीची आंचही दाखविली. थंडीनें हवा किंचित् आंखडते व उष्णतेनें पसरते, हें त्यांनीं नमूद केलें. आम्हीं आमच्या मंडळींतील मुलांस सायकलचा पंप हातीं देऊन, तोंड बोटानें बंद करून दट्ट्या दाबावयास सांगितलें, तेव्हां एका मुलीनें विचारिलें कीं पंप गरम कां होतो. तिचा प्रश्न फार योग्य होता. हवा झपाट्यानें दाबली असतां ती तापते, व तापलेली हवा अधिक जोर करते. मग बॉइलचा हिशेब जुळत नाहीं. हळूहळू दाबावी, किंवा दाबल्यावर ती पूर्ववत् थंड होईपर्यंत थांबावें, म्हणजे तो जुळतो. उष्णमान तेंच असावें ही अट फ्रान्सचे मारियोत ह्यांच्या १६७९ सालच्या ग्रंथानंतर युरोपांत चांगली परिचित झाली. फ्रान्सांत ह्या नियमास मारियोत ह्यांचेंच नांव आहे.

असें कां घडतें, ह्याचा उलगडा १७३८ सालीं डॅनिएल बर्नुली ह्यांनीं केला. वायूचे असंख्य सूक्ष्म कण सतत धांवत असतात व भांड्याच्या बाजूंवर आदळत असतात. तेच कण निम्म्या जागेंत कोंडले, तर प्रत्येक बोटभर जागेवर दुप्पट धक्के बसतात. तोच दुप्पट दाब. उष्णमान वाढलें तर कणांचा वेग वाढतो, म्हणून तें स्थिर ठेवावें लागतें. पुढें एकोणिसाव्या शतकांतील बारीक मोजणीवरून असें ठरलें कीं, दाब अतिशय वाढला अथवा वायु द्रवरूप होण्याच्या बेतास आला, कीं हा नियम तंतोतंत पाळला जात नाहीं. बॉइल ह्यांनीं हात राखून लिहिलें होतें, तें योग्यच ठरलें.

आणि हा नियम दूर कोठें राहत नाहीं. आपण श्वास घेतों तेव्हां छातीचा भाता रुंदावतो, आंतल्या हवेचा दाब थोडा उतरतो, आणि बाहेरची हवा आंत शिरते. छाती आंखडली कीं दाब वाढतो व हवा बाहेर पडते. जन्मल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत प्रत्येक मनुष्य ह्याच नियमानें जगतो.

नाकारलेले मान आणि केलेलीं कामें

२८ नोव्हेंबर १६६० रोजीं लंडनमध्यें जी विद्वानांची सभा भरली व पुढें रॉयल सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली, तींत बॉइल होते. १६८० सालीं त्या संस्थेनें त्यांस आपला अध्यक्ष निवडिलें. परंतु त्या पदासाठीं शपथ घ्यावी लागे, आणि शपथेविषयीं त्यांचें मन अत्यंत हळवें होतें. म्हणून त्यांनीं तो मान नाकारिला. १६६५ सालीं राजानें ईटनच्या शाळेचें प्रमुखपद देऊं केलें, तेंही घेतलें नाहीं. धर्मोपदेशक होण्याविषयीं त्यांस आग्रह झाला. पण आपणास तसें पाचारण अंतःकरणांत जाणवत नाहीं, असें त्यांनीं प्रांजळपणें सांगितलें. शिवाय ज्यास धर्माच्या कामाचें वेतन नाहीं, त्याची साक्ष लोकांस अधिक पटेल, असेंही त्यांस वाटे. आम्हां वेतन घेणाऱ्यांनीं ह्या बोलाचा विचार करावा.

वेतन न घेतां त्यांनीं जें केलें तें थोडें नाहीं. १६६२ पासून १६८९ पर्यंत ते न्यू इंग्लंडांतील मूळच्या रहिवाशांस सुवार्ता सांगण्यासाठीं स्थापन झालेल्या मंडळाचे प्रमुख होते. जॉन एलियट ह्यांनीं मॅसॅच्युसेट्स भाषेंत केलेलें पवित्र शास्त्र ह्याच मंडळाच्या साहाय्यानें छापलें गेलें. मलायी भाषेंतील शुभवर्तमानें व प्रेषितांचीं कृत्यें १६७७ सालीं ऑक्सफर्ड येथें निघालीं, तीं बॉइल ह्यांच्या खर्चानें. त्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारी मंडळांत होते. मुंबई बेट १६६८ सालींच ह्या कंपनीच्या हातीं आलें होतें. पूर्वेकडून नफा आणणाऱ्यांनीं तेथील लोकांच्या आत्म्यांचाही विचार करावा, असें त्यांनीं आपल्या सोबत्यांस वारंवार सुचविलें. कंपनीनें तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

आयर्लंडाचें काम त्यांस सर्वांत जवळचें होतें. आयरिश भाषेंतील नवा करार दुर्मिळ झाला होता, तो त्यांनीं नवे खिळे पाडवून १६८१ सालीं पुन्हां छापविला. बिशप बेडेल ह्यांच्या देखरेखीखालीं झालेलें जुन्या कराराचें भाषांतर कित्येक वर्षें हस्तलिखितांत पडून होतें, तें १६८५ सालीं बाहेर आणिलें. आयरिश लोकांस इंग्रजी शिकवावें, त्यांची भाषा जिवंत ठेवूं नये, असें तेव्हांच्या अनेक अधिकाऱ्यांचें मत असतां त्यांनीं हें केलें.

येथें त्या घराण्याच्या धनाची गोष्ट पुन्हां येते. राजानें १६६२ सालीं बॉइल ह्यांस आयर्लंडांतील जुन्या मठांच्या उत्पन्नाचा कांहीं भाग दिला. तें आपणास घेतां येईल कीं नाहीं, ह्याविषयीं त्यांनीं जाणत्यांचा सल्ला घेतला, आणि त्यांतील बराच भाग गरिबांकडे व सुवार्तेच्या कामाकडे लाविला. तरी ह्यानें आयरिश शेतकऱ्याची गेलेली जमीन परत मिळाली नाहीं. सत्पुरुषाचें चरित्र लिहितांना ही बाजू झांकून ठेविली, तर ज्या प्रामाणिकपणाची आम्ही स्तुति करीत आहों त्याशींच आम्ही बेइमान होऊं.

त्यांच्या विद्येंतही चुका होत्या. १६६१ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत त्यांनीं चार तत्त्वांची व तीन तत्त्वांची जुनी मतें कसून तपासलीं व रसायनविद्येस नवें वळण लाविलें. परंतु हलक्या धातूचें सोनें करतां येईल हा विश्वास त्यांनीं शेवटपर्यंत सोडला नाहीं, आणि त्यांत कित्येक ठकांनीं त्यांस फसविलें. तथापि फसलेले प्रयोगही लिहून ठेवण्याची त्यांची रीत होती. प्रयोग कां फसतात, ह्याच विषयावर त्यांनीं १६६१ सालीं दोन निबंध प्रसिद्ध केले. आपला पराभव दुसऱ्याच्या उपयोगी पडावा म्हणून छापणारे विद्वान तेव्हांही थोडे होते व आजही थोडेच आहेत.

शेवटचे दिवस

त्यांची प्रकृति नेहमींच नाजूक होती. डोळे अधू असल्यामुळें ते लेखकांकडून लिहवून घेत. १६६८ सालीं ते लंडनमध्यें बहिणीच्या घरीं राहावयास आले. १६७० सालीं अर्धांगवायूचा मोठा झटका आला, तरी चिकाटीनें ते पुन्हां कामास लागले. त्यांनीं लग्न केलें नाहीं. तेवीस वर्षें भाऊबहीण एका छपराखालीं राहिलीं. २३ डिसेंबर १६९१ रोजीं कॅथरीन वारली. ज्या बहिणीनें लहानपणीं फळांचा आंकडा विचारला होता, तिच्यामागून आठच दिवसांनीं, ३१ डिसेंबर रोजीं, भाऊही गेला. सेंट मार्टिन इन द फील्ड्स ह्या देवळांत त्यांस मूठमाती देण्यांत आली, व बिशप बर्नेट ह्यांनीं उपदेश केला. देवाचें नांव उच्चारण्यापूर्वीं बॉइल बोलतां बोलतां क्षणभर थांबत असत, अशी साक्ष ह्याच बिशपांनीं दिली आहे. तें देऊळ पुढें पाडून नवें बांधण्यांत आलें, आणि आज त्यांची कबर कोठें आहे हें दाखवितां येत नाहीं.

मृत्युपत्रांत त्यांनीं वर्षाला ५० पौंड ठेविले होते. त्यांतून नास्तिक व इतर अविश्वासी लोकांस ख्रिस्ती धर्माचें सत्य पटवून देणारीं व्याख्यानें व्हावींत, परंतु ख्रिस्ती लोकांच्या आपसांतील वादांस त्यांत जागा नसावी, अशी अट होती. रिचर्ड बेंटली ह्यांनीं १६९२ सालीं पहिलीं व्याख्यानें दिलीं. मध्यंतरीं खंडित झालेली ही परंपरा २००४ सालीं लंडनमध्यें पुन्हां सुरू झाली.

कबर हरवली, पण जिन्यावरच्या नळीचें कोष्टक राहिलें आहे, आणि त्यांत तो जादा अर्धा इंच अजून जसाचा तसा आहे. पुढच्या वेळीं आमचा एखादा वाचक विहिरीवर घागर पालथी दाबील व हाताला ती उलट लोटीत आहे असें त्यास जाणवेल, तेव्हां त्यानें ह्या मनुष्याची आठवण करावी. आणि घरीं जाऊन मंडळीचा जमाखर्च, दुकानाचें वजन, किंवा शेजाऱ्याविषयीं बोललेला शब्द ह्यांपैकीं जें हातीं असेल, तें जितकें आहे तितकेंच सांगावें. अर्धा इंचही कमी नाहीं, अर्धा इंचही अधिक नाहीं.